पाकोळीला हवा पूर्वेचा वारा

गेल्या रविवारी आमच्या घरामागच्या मैदानात एका लहान मुलाच्या हातातून पतंग निसटला. नायलॉनचा, शार्कच्या तोंडाचा, दुकानातून आणलेला. दोरीचं प्लॅस्टिकचं हँडल गवतावरून उड्या मारत चाललं होतं, मुलगा रडत होता, आणि त्याची आई बाबागाडी सोडून पळावं की नाही या पेचात उभी होती. माझा नवरा निनाद तिथेच होता. हा येवल्याचा माणूस. सुटलेला पतंग दिसला की त्याच्या पायांना त्याची परवानगी लागत नाही, हे मी लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीपासून बघत आले आहे. पण तो जागचा हलला नाही. त्या बाईंकडे वळून त्यानं त्याच्या मोडक्यातोडक्या डचमध्ये अगदी अदबीनं विचारलं, "हा तुम्हाला परत हवा आहे, की त्याला जाऊ द्यायचं आहे?"

 बाई हवाय म्हणाल्या, आणि निनाद सुटला. मी बाकावर बसून एवढी हसले की शेजारच्या आजोबांनी मला बरं वाटतंय ना, असं विचारलं. त्यांना काय सांगणार? हा प्रश्न विचारायला निनादला एका एप्रिलनं शिकवलं, आणि त्या एप्रिलची गोष्ट बाकावर बसल्या बसल्या सांगून होणारी नाही.

आम्ही फोरबर्ग नावाच्या डच गावात राहतो. इथे वारा बारमाही आहे, पण एप्रिलचा वारा वेगळा. सायकलवरून स्टेशनला जाताना तो समोरून येतो आणि संध्याकाळी परत येतानाही समोरूनच येतो. हे कसं जमवतो ते त्यालाच ठाऊक. ऊन असतं, कोकरं असतात, फुलांचे ताटवे असतात, आणि मागच्या अंगणात वाळत घातलेले मोजे कुंपणापलीकडे गेलेले असतात. हूफडॉर्पच्या ऑफिसात मी पोचते तेव्हा माझ्या केसांकडे बघून कुठल्या दिशेचा वारा आहे ते सांगता येतं. पूर्वी मी या वाऱ्याला मनापासून शिव्या घालायची. आता एप्रिल लागला की सकाळी खिडकी उघडून आधी झाडाचा शेंडा कुठे वाकलाय ते बघते, आणि तो पश्चिमेकडे वाकलेला दिसला, म्हणजे वारा पूर्वेचा असला, की मला उगाचच आनंद होतो.

त्या वर्षी आमच्या ओळीतल्या शेवटच्या घरात यानचे आईवडील आले होते. यान म्हणजे निनादची लायडनच्या प्रयोगशाळेतली सहकारी, चीनमधल्या वेफांगची. त्या गावाला पतंगांचं गाव म्हणतात, हे तिनं निनादला पहिल्याच ओळखीत सांगितलं आणि त्यानं येवल्याचं नाव सांगून तिथल्या तिथे नातं जाहीर केलं. आमच्या लेकीनं, ईरानं, यानच्या वडिलांना लिन आजोबा म्हणायला सुरुवात केली, म्हणून आमचे ते लिन काका आणि त्यांची बायको लिन काकू. चीनमध्ये बायका लग्नानंतर आडनाव बदलत नाहीत, तेव्हा काकूंचं आडनाव लिन नाहीच, असं यान एकदा समजावून गेली. आम्ही मान डोलावली आणि लिन काकूच म्हणत राहिलो.

दोघं तीन महिन्यांच्या व्हिसावर आली होती, आपल्याकडचे आईवडील येतात तशीच, बॅगांमध्ये मुलीचं अख्खं माहेर कोंबून. बांबूच्या पट्ट्यांनी विणलेलं वाफेचं भांडं, ज्यात मी पुढे बिनधास्त मोदक उकडले. जुन्या कपड्यांचे थर खळीनं एकावर एक चिकटवून, वाळवून, मग दाट टाके घालून केलेल्या तळव्यांच्या चपला. एक कापडी वाघ, ज्याच्या चेहऱ्यावर रागापेक्षा आश्चर्य जास्त. कागदाची भलीमोठी गुंडाळी. यातलं काहीही शोभेसाठी नव्हतं. वाघ उशाला, चपला पायात, भांडं रोज गॅसवर. आमच्याकडे दिवाणखान्यात वारलीचं चित्र काचेत बसवलेलं आहे, आणि त्याला हात लावला तर मी ओरडते. यानच्या घरून आले की मला त्या काचेची थोडी लाज वाटायची.

यातलं शिवणकाम सगळं काकूंच्या हातचं होतं, पण आधीचं. आदल्या हिवाळ्यात त्यांना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. सौम्य होता, चालणं-बोलणं नीट राहिलं, उजवा हात मात्र रुसला. डॉक्टरांच्या मते हात वापरला तर येणार होता. फिजिओथेरपिस्टनं दाबायला एक रबरी चेंडू दिला होता, तो यानच्या खिडकीत कापडी वाघाशेजारी बसून असायचा. काकू सगळं डाव्या हातानं करायच्या आणि उजवा हात स्वेटरच्या बाहीत आत ओढून घ्यायच्या. कुणी त्याच्याकडे पाहिलं की तोंड फिरवायच्या. ज्या बाईनं आयुष्यभर पतंगांवर पिसं, डोळे, फुलं रंगवली तिला थरथरता हात बघवत नव्हता, आणि तिला तो बघवत नाही हे बाकीच्यांना बघवत नव्हतं. यान एकदा माझ्याजवळ रडली होती. आई परत गेली की तो चेंडू इथेच विसरून जाईल, म्हणाली, आणि मग हात कायमचा गेला.

लिन काकांनी त्यावर एकच उपाय काढला, पतंग करायला घेतला. त्यांच्या घरात कामाची वाटणी ठरलेली होती. बांबू काकांचा, कागद आणि रंग काकूंचा. बांबूचा प्रश्न पलीकडच्या डच बाईंनी सोडवला. त्यांनी हौसेनं लावलेला बांबू कुंपण ओलांडून तीन घरांच्या अंगणांत घुसला होता, आणि कुणी तो तोडून नेईल या कल्पनेनंच त्या इतक्या सुखावल्या की वर केकही देऊन गेल्या. काका त्याच्या कामट्या काढायचे. सुरी स्थिर धरायची आणि बांबू पुढे सरकवायचा, अशी त्यांची पद्धत. मग छोट्या मेणबत्तीच्या ज्योतीवर कामटी हळूहळू फिरवत वाकवायची. निनाद शनिवारी सकाळी जो त्यांच्या अंगणात जाऊन बसायचा तो जेवायलाच घरी. एकाला दुसऱ्याची भाषा येत नव्हती. पतंगाला दोरा जिथे बांधतात त्या गाठीला आमच्याकडे मंगळसूत्र म्हणतात, हे निनादनं माझ्या गळ्याकडे बोट दाखवून काकांना समजावलं तेव्हा काका एवढे खूश झाले की त्यांनी काकूंना हाक मारून बोलावलं. काकू दारापर्यंत आल्या, ऐकलं, आणि आत गेल्या.

पतंग पाकोळी पक्ष्याच्या आकाराचा होता. पसरलेले पंख, कात्रीसारखी शेपटी. रंगवायची वेळ आली तेव्हा काकांनी ब्रश आणि रंगाच्या वाट्या काकूंपुढे मांडून ठेवल्या आणि स्वतः बागेत निघून गेले. वाट्यांमधला रंग वाळला. दोनदा असं झाल्यावर त्यांनी स्वतःच ब्रश हातात घेतला. आता खरं सांगायचं तर ती पाकोळी कमी आणि कोंबडी जास्त दिसत होती. डोळा भलत्याच जागी. पंखांवरची फुलं की बटाटे ते कळेना. आम्ही सगळ्यांनी सुंदर, सुंदर म्हटलं. काकूंनी एकदाच पाहिलं आणि खिडकीबाहेर बघत बसल्या.

चीनमध्ये एप्रिलच्या सुरुवातीला पूर्वजांच्या समाध्या झाडूनपुसून साफ करायचा सण असतो, आणि त्याच दिवसांत पतंग उडवतात. तेवढंच आम्हाला माहीत होतं. म्हणून आम्ही सगळे डबे घेऊन लायडस्खेनडामपलीकडच्या कुरणावर गेलो. गाई अजून बाहेर सोडल्या नव्हत्या. सपाट हिरवं रान, मध्ये मध्ये पाण्याचे चर, आणि वर एवढं मोठं आभाळ की निनादच्या डोळ्यांत पाणी आलं. वाऱ्यानं, असं तो म्हणतो. काकांनी दोरा दिला आणि ती कोंबडी उठली. वर गेल्यावर मात्र ती पाकोळीच झाली. रंगाचा दोष खालीच राहिला, वर नुसता बांबूचा नेमकेपणा दिसत होता. काकूंनी मान वर करून बघितलं. खूप वेळ बघितलं.

निनाद तेव्हा डबे उघडत होता. यान गाडीतून थर्मास आणायला गेली होती. मी ईराच्या बुटाची नाडी बांधत होते. त्यामुळे काकांनी खिशातून छोटी कात्री काढली, तोंडातल्या तोंडात काही पुटपुटले आणि दोरा कापला, हे आमच्यापैकी कुणीच पाहिलं नाही. निनादनं मान वर केली तेव्हा त्याला दिसला तो फक्त सुटलेला पतंग.

येवल्यात संक्रांतीला पतंग कापला की गच्चीगच्चीवरून वकाट अशी आरोळी उठते, आणि जमिनीवरची माणसं पळायला लागतात. कापलेला पतंग ज्याच्या हातात आला त्याचा. तो जमिनीला लागायच्या आत पकडला तर आणखी मान. निनादनं हा सगळा बालपणाचा अभ्यास त्या कुरणात लावला. वकाट असं ओरडून तो जो निघाला तो आभाळाकडे बघत, पायांखाली काय आहे याचा विचार न करता. पहिला चर त्यानं उडी मारून पार केला, दुसऱ्यात गुडघ्यापर्यंत गेला, तिसऱ्याच्या काठावर एक मेंढी त्याला बघून पळाली. मी त्याच्यावर इतकं प्रेम क्वचितच केलं असेल. लांबवर, एका कुंपणाच्या तारेपाशी, त्यानं हवेतच दोरा धरला. पंखाचं टोक तारेला अडकून फाटलं, पण पतंग हातात होता.

तो परत आला तेव्हा चिखलानं माखलेला होता, पतंग दोन्ही हातांनी डोक्यावर धरलेला, आणि चेहऱ्यावर लढाई जिंकल्याचा आनंद. त्यानं तो काकांपुढे धरला. काकांनी हात पुढे केले नाहीत. त्यांचा चेहरा पडला होता. यान थर्मास घेऊन तिथवर आली, तिनं पतंगाकडे पाहिलं, दोऱ्याच्या कापलेल्या टोकाकडे पाहिलं, आणि अगदी हळू आवाजात इंग्रजीत सांगितलं की पतंगाच्या शेपटीवर तिच्या वडिलांनी आईचा आजार लिहिला होता. दोरा कापायचा, पतंगाबरोबर आजार लांब निघून जातो. म्हणून असा पतंग कुणी उचलत नाही.

म्हणजे निनादनं काय केलं होतं? तिठ्यावर कुणीतरी दृष्ट काढून टाकलेलं लिंबू उचलून, धावतपळत त्याच घरी जाऊन, तुमचं हे राहिलं होतं, असं म्हणत हातात दिलं होतं. मी हे त्याला मराठीत सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा बघवेना. पतंग ठेवावा तर कुठे, टाकावा तर कसा. तो तसाच धरून उभा राहिला, बुटांतून पाणी गळत.

तेवढ्यात काकू हसल्या. आधी खांदे हलले, मग आवाज आला, मग त्यांना उभं राहवेना म्हणून त्या डब्यांशेजारी गवतात बसल्या. यान तिच्या आईकडे बघत राहिली. हिवाळ्यापासून तिनं ते हसू ऐकलेलं नव्हतं. काकू काहीतरी म्हणाल्या, आणि यानला ते सांगताना धड बोलता येईना.

"आई म्हणतेय, माझ्या आजारामागे एवढं जोरात आजवर कुणी धावलं नव्हतं."

काका मात्र हसले नाहीत. त्या माणसाला राग आला होता असं मला वाटत नाही. त्याला भीती वाटली होती. घरी आल्यावर त्यांनी फाटका पतंग बागेतल्या खोलीत उलटा ठेवला. दुसरा करायचा तर बांबू वाळायला वेळ हवा, आणि परतीची तिकिटं काढलेली. निनाद दोन दिवस नीट जेवला नाही. येवल्याला आईला फोन करून विचारलं, तर सासूबाई म्हणाल्या, मग तूच नेऊन सोड की परत. एवढं साधं उत्तर आम्हा दोघा इंजिनियरांना सुचलं नव्हतं.

पण सोडायचा तर आधी शिवायला हवा, म्हणजे चिकटवायला. निनाद त्या संध्याकाळी यानच्या घरी गेला तो सेलोटेप घेऊन. मी बरोबर होते. त्यानं पतंग टेबलावर सरळ केला, फाटलेल्या कडा जुळवल्या आणि टेपची चकचकीत पट्टी पंखावर टेकवली मात्र, काकूंनी पलीकडून हात लांब करून त्याच्या हातातला टेप काढून घेतला. अत्यंत तिरस्कारानं. आपल्याकडे पुरणपोळीवर कुणी सॉस ओतायला निघावं तेव्हा बायका ज्या वेगानं बाटली काढून घेतील, त्या वेगानं. टेप हातात आल्यावर त्यांचं त्यांनाच कळलं की तो उजवा हात आहे.  ईरा डचमध्ये म्हणाली की आजी रागावली, आणि काकूंनी तिला चिनीत काहीतरी सुनावलं. त्या दोघींचं असंच चालायचं, आणि दोघींना सगळं कळायचं.

मग काकूंनी खळ शिजवली. मैद्याची, पातळ, सतत हलवत. काही दिवस आमच्या संध्याकाळी त्या टेबलापाशी गेल्या. ठिगळाचा कागद त्या कातरत नव्हत्या, हातानं फाडत होत्या. फाडलेल्या कडेचे तंतू मोकळे राहतात आणि जोड दिसत नाही. फाडायला दोन हात लागतात. डावा धरायचा, उजवा थरथरत खेचायचा. कधी कागद भलतीकडे जायचा, मग त्या बहुधा वेफांगची एखादी शिवी हासडून नवा तुकडा घ्यायच्या. ठिगळ बसलं तसा त्यांना शेजारचा बटाटा खुपायला लागला. त्याचं त्यांनी फूल केलं. मग डोळा. मग दुसऱ्या पंखावरची फुलं पहिल्यासारखी दिसेनात म्हणून तीही. रेघा हलत होत्या, हे खरं आहे. पाकळ्यांच्या कडा पाण्यात पाहिल्यासारख्या झाल्या होत्या. काका बागेतल्या खोलीत काहीही काम नसताना सुरीला धार लावत बसले होते, आणि दर थोड्या वेळानं काचेतून आत बघत होते.

मला तेव्हा वाटून गेलं, आणि अजूनही वाटतं, की आपण हातानं इतकं करतो ते बऱ्याचदा सोडूनच द्यायला. दारातली रांगोळी पायांखाली जाते. दिवाळीचा किल्ला पोरं स्वतःच पाडतात. म्हणून कुणी ते घाईनं उरकत नाही. काकूंनी त्या पतंगावर एवढ्या निगुतीनं भरलेला रंग काही दिवसांत दिसेनासा व्हायचा होता, आणि तेच त्यांना करायचं होतं.

आता अडचण एकच राहिली, वाऱ्याची. इथला वारा बहुतेक वेळा समुद्रावरून जमिनीकडे येतो. त्यात सोडलेला पतंग कुणाच्या तरी छपरावर पडणार, आणि कुणीतरी सज्जन डच माणूस तो घरपोच आणून देणार. काकांना आता कुणावरही भरवसा नव्हता. पतंग समुद्रावर जायला हवा, म्हणजे वारा पूर्वेचा हवा. त्या आठवड्यात निनादचं आणि यानचं प्रयोगशाळेत काय काम झालं देव जाणे. दोघं फोनवर हवामान बघत होते. पश्चिम. नैर्ऋत्य. पुन्हा पश्चिम. बांबूवाल्या बाईंना मी सांगितलं की आम्ही पूर्वेच्या वाऱ्याची वाट बघतोय, तर त्या म्हणाल्या की तो हाडं गोठवणारा वारा कुणाला हवा असतो हे त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच ऐकलं. तिकिटांची तारीख जवळ येत होती आणि यानच्या घरात बॅगा उघडून पडल्या होत्या.

तो वारा आला शनिवारी. सकाळी खिडकीतून झाडाचा शेंडा समुद्राकडे वाकलेला दिसला आणि निनादनं दात घासता घासता मला हाक मारली. आम्ही सगळे ट्रामनं स्खेव्हनिंगनला निघालो. काकांनी पाकोळी मांडीवर धरली होती, पंख दोन्ही बाजूंना पसरलेले, आणि ट्राममधली माणसं काही न विचारता सरकून जागा देत होती. एका बाईंनी फुलांना हात लावून बघितला आणि कुणी रंगवलं म्हणून विचारलं. यानच्या आईनं, मी म्हटलं, माझीच आई असल्यासारखं.

किनाऱ्यावर वारा पाठीवर होता, थंड, एकसारखा. पाकोळी उठली आणि समुद्राकडे तोंड करून चढत गेली. बांबू, कागद, सुती दोरा. पाण्यात पडून विरघळायचं ते विरघळेल. काकांनी कात्री काढली. या वेळी त्यांनी ती काकूंपुढे धरली.

काकूंनी बाहीतून उजवा हात बाहेर काढला. कात्रीत बोटं घालायलाच वेळ गेला. दोरा ताणलेला, वाऱ्यात गुणगुणणारा. पाती त्याच्या जवळ जायची आणि हुकायची. यान पुढे सरकली, तिला काकांनी डोळ्यांनीच थांबवलं, पण त्यांचे स्वतःचे हात अर्धवट वर आलेले होते हे त्यांना माहीत नव्हतं. पुन्हा हुकलं.  मग कात्री मिटल्याचा अगदी बारीक आवाज आला, दोरा वाळूवर पडला, आणि पाकोळी एकदा डळमळून, सावरून, समुद्रावर निघाली.

निनादचे पाय हलले. मी शपथेवर सांगते, त्याच्या मनात काही नव्हतं. पाय आपले आपण निघाले. एक पाऊल, दुसरं, आणि तिसरं टाकायच्या आत काकूंनी त्याची बाही धरली. उजव्या हातानं. पतंग लहान होत होत ठिपका झाला, ठिपकाही गेला, ईरानं आता जेवायचं का असं विचारलं, तरी त्यांनी बाही सोडली नाही. निनादनं हळूच हात सोडवून पाहिला होता. सुटला नाही, असं तो अजून सगळ्यांना सांगतो.